खोबरेल गोठायच्या आधी

मुंबईत दसऱ्याला थंडी पडत नाही. हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही, कांदिवलीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. पाऊस गेला की ऑक्टोबरात असा उकाडा सुरू होतो की मे महिना परवडला. पण आमच्या यार्डात एकतीस वर्षं दसऱ्याला थंडी पडायची. मोठ्या साहेबांनी तसं ठरवून दिलं होतं, आणि साहेबांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

मी चंद्रप्रकाश. मिस्त्री. यार्डात लहानथोर सगळे चंदूदा म्हणतात. कांदिवली पूर्वेला हायवेच्या आतल्या बाजूला आमचं यार्ड आहे, सहा पोकलेन आणि दोन क्रेन. खोदकामाला, पाइप टाकायला भाड्याने जातात. त्यांच्या पोटात कुठलं तेल जायचं आणि कधी जायचं, हे माझं काम. माझे बाबा मिलमध्ये तेलवाले होते, चात्यांना तेल घालत दिवसभर फिरायचे. मिल बंद पडली, पुढे बाबाही गेले, पण तेलाचा वास काही आमच्या घरातून गेला नाही.

आता थोडं तेलाचं ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोकलेनचा तो लांब हात, ज्याला आम्ही बूम म्हणतो, तो इंजिनाच्या जोरावर वर राहत नाही. इंजिन नुसता पंप फिरवतं. वजन धरून ठेवतं ते तेल. आमच्याकडे त्याचे दोन नंबर. अडुसष्ट म्हणजे घट्ट, उन्हाळ्याचं. शेहेचाळीस म्हणजे पातळ, थंडीचं. थंडीत घट्ट तेल पंपाला ओढवत नाही. आणि उन्हात पातळ तेल भरलं तर ते तापून पाण्यासारखं होतं, मशीन जुनी असेल तर झिजलेल्या सीलमधून निसटतं, दाब धरत नाही. झालं. एवढंच शास्त्र.

मोठे साहेब, शरच्चंद्र साहेब, यांनी पहिली मशीन घेतली ती इगतपुरीला घाटातल्या कामावर लावली. तिथे दसरा झाला की सकाळी हुडहुडी भरते. म्हणून त्यांनी नियम केला, गुढीपाडव्याला अडुसष्ट आणि दसऱ्याला शेहेचाळीस. पुढे धंदा कांदिवलीत आला आणि नियमही शेपटासारखा मागोमाग आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला मशिनींची पूजा, झेंडूचे हार, हळदकुंकू, आणि त्याच मुहूर्तावर तेल बदलायचं. पहिला लोटा साहेब स्वतःच्या हाताने ओतायचे. देवमाणूस. त्यांना कोण सांगणार की साहेब, ही इगतपुरी नाही?

मी सांगितलं नाही. मी दुसरंच करायचो. साहेबांच्या हातून लोटाभर तेल टाकीत ओतून घ्यायचो, नमस्कार करायचो, आणि शेहेचाळीसचे उरलेले ड्रम शेडच्या मागे सारायचो. खरं तेल बदलायचो ते घरातली खोबरेलची बाटली गोठली की. हसू नका. बाबांची रीत आहे ती. न्हाणीघरातल्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली असते ना, ती ज्या सकाळी पांढरी होऊन बसते, उलटी केली तरी थेंब सुटत नाही, त्या सकाळी मुंबईत थंडी आली असं समजायचं. कधी नाताळाला येते, कधी संक्रांतीला, एखाद्या वर्षी येतच नाही. सुगंधा, माझी बायको, बाटली उन्हात ठेवायच्या आधी मला हाक मारायची. "अहो, गोठला बघा!" मग मी यार्डात जाऊन ड्रम पुढे काढायचो. साहेबांना हे ठाऊक असावं. एकदा जानेवारीत मला ड्रम उघडताना त्यांनी पाहिलं, नुसते हसले आणि निघून गेले.

तीन नंबरची पोकलेन आमच्यात सगळ्यात जुनी. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. तिचा ऑपरेटर राजेश. बोरिवलीला देवीपाड्यात राहायचा, आमच्याच कुडाळकडचा, माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान. चौदा वर्षं तो त्या एकाच मशिनवर बसला. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि मी कुणाची उगाच तारीफ करणारा माणूस नाही. खंडेनवमीला त्याचा एक खेळ असायचा. जमिनीवर दगड, दगडावर नारळ, आणि तो नारळ दोन्ही हातांनी धरून उकिडवा बसलेला दशरथ. दशरथ आमचा पाइप जोडणारा, चरात उतरून काम करायचा. वरून म्हातारीचं बकेट सावकाश खाली यायचं. दात नारळापासून वीतभर उरला की दशरथ हात काढून घ्यायचा, आणि राजेश एक टिचकी द्यायचा. फक्त टिचकी. नारळाची दोन शकलं, दगडावर ओरखडासुद्धा नाही. दशरथ खोबरं तोडत ओरडायचा, "झकास रे राजा!"

हे मी का सांगतोय ते कळेल.

मोठे साहेब गेले आणि मिहिर गादीवर आला. मिहिर म्हणजे साहेबांचा मुलगा, इंजिनियर, वागायला वाईट नाही. पण वडिलांची प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी चालली पाहिजे, हा हट्ट. मला वाटतं, बाप गेल्यावर काही पोरं तशी होतात. गेल्या खंडेनवमीला लोटाभर तेल ओतून झालं. मी ड्रम मागे ढकलायला लागलो, तर हा माझ्या मागे उभा.

"काका, हे कुठे नेताय?"

"शेडमध्ये. थंडी आली की भरू."

"आज भरायचं असतं. बाबांचा नियम आहे."

"मिहिरशेठ, बाहेर बघा जरा. घाम पुसून पुसून रुमाल ओला झालाय. आत्ता कसली थंडी? आमच्या घरची खोबरेलची बाटली गोठली की मी भरतो. तीस वर्षं भरतोय."

त्याचा चेहरा लाल झाला. बापाला तीस वर्षं फसवलं असं त्याला वाटलं असावं. सगळे ऑपरेटर, हेल्पर, पूजा सांगायला आलेले गुरुजी, सगळे उभे होते. त्या सगळ्यांदेखत तो म्हणाला, "न्हाणीघरातली बाटली बघून तुम्ही माझ्या मशिनी चालवता? उद्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. कोण हसलं ते मला आजही माहीत नाही, पण ते हसू माझ्या डोक्यात गेलं. माझा स्वभाव असाच. आई म्हणायची, चंदू रागावला की स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. या वेळी धोंडा दुसऱ्याच्या पायावर पडला.

"घ्या," मी म्हटलं. "आत्ता भरतो. सहाही मशिनींत."

आणि भरलं. अडुसष्ट काढलं, शेहेचाळीस भरलं, अगदी काठोकाठ. बाकीच्या पाच मशिनी तरण्या आहेत, त्यांना फारसा फरक पडणार नव्हता. म्हातारीचं मला माहीत होतं. हे मी लपवत नाही. तिचा पंप उतरवायला झाला होता, सील झिजले होते, घट्ट तेलाच्या जोरावर ती उभी होती. पातळ तेलावर दुपारी ती ढिली पडणार, बूम हळू उचलणार, कामं रखडणार, आणि मग मिहिरशेठ धावत येणार, काका, काहीतरी करा. तेव्हा मी म्हणणार होतो, बाटलीला विचारून सांगतो. एवढंच मला हवं होतं. माझं त्या सगळ्यांसमोर गेलेलं तोंड मला परत हवं होतं.

राजेशला मी काही सांगितलं नाही. त्याने भांडण ऐकलं होतं, तेल बदलतानाही पाहिलं होतं, पण झिजलेल्या सीलचं त्याला ठाऊक नव्हतं; चंदूदाने भरलं म्हणजे चालत असेल, असं त्याला वाटलं. त्या दिवशीचा नारळ त्याने नेहमीसारखाच फोडला. सकाळ होती, मशीन गार होती.

तिसऱ्या दिवशी म्हातारी जोगेश्वरीला गेली. एका गल्लीत मोठे सिमेंटचे पाइप टाकायचे होते. संध्याकाळी राजेश परत आला, हातपाय धुतले आणि माझ्याकडे आला. मी एका क्रेनखाली आडवा होतो.

"चंदूदा, बूम बसतोय रे. लिव्हर मधे ठेवून थांबवला तरी चार बोटं खाली येतो. दुपारनंतर तर जास्तच. बघ ना जरा."

मी क्रेनखालून बाहेरही आलो नाही. सांगायचं काय होतं? तेल बदलतो, दोन तास दे, एवढंच. पण अजून मिहिरशेठ आला नव्हता ना. मी तिथूनच ओरडलो, "बूम नाय बसत. तुझा हात जड झालाय. पन्नाशी आली, चष्मा लाव!"

आजूबाजूची पोरं खो खो हसली. राजेशही हसला. जाताना त्याने आपला उजवा हात वर करून एकदा बघितला. क्रेनखालून मला त्याचे पाय आणि तो हात तेवढा दिसला.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, जोगेश्वरीच्या त्या चरात दशरथ उतरला होता. वर बकेटला पट्टा बांधून पाइप लोंबकळत होता. अशा वेळी ऑपरेटर पाइप वीतभर वर थांबवून ठेवतो, आणि खालचा माणूस त्याला हाताने सरळ करून आधीच्या पाइपच्या तोंडाला लावतो. राजेशने थांबवला होता. लिव्हर मधोमध होता. दशरथ वाकला, आणि पाइप बसायला लागला. राजेशने लिव्हर ओढला. नीट तेलावर बूम तिथल्या तिथे उचलला असता. त्या पातळ, तापलेल्या तेलावर तो एक श्वास उशिरा उचलला. तेवढ्यात पाइप दशरथच्या उजव्या पायावर टेकला होता.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दशरथला आत नेलं होतं. त्याची बायको जानकी भिंतीला टेकून उभी होती. राजेश जमिनीवर बसला होता, आणि उजवा हात त्याने डाव्या हाताने मनगटाशी घट्ट धरून ठेवला होता, जणू सुटून कुठे जाईल.

"चंदूदा, माझा हात चुकला," तो म्हणाला. "तू म्हणालास ना, जड झालाय. तरी मी बसलो मशिनवर."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं. समोर जानकी होती, मिहिर होता, पोलीस होता, डॉक्टर येत-जात होते. मी म्हटलं, "शांत हो रे. होतं असं." आणि तोंड मिटलं. एकदा मिटलेलं तोंड दुसऱ्या दिवशी उघडायला दुप्पट जोर लागतो, तिसऱ्या दिवशी चौपट. दशरथचा पाय गुडघ्याखाली कापला. अपघातानंतर म्हातारी यार्डात आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्यातलं शेहेचाळीस काढलं आणि अडुसष्ट भरलं. कुणी विचारलं नाही. पोलिसांनी मशीन बघितली, सगळं ठीक निघालं. निघणारच. आता तिच्यात बरोबर तेल होतं.

कुणी राजेशला दोष दिला नाही. दशरथनेसुद्धा नाही. चरातला धंदा, होतं असं, म्हणाला. हॉस्पिटलचं सगळं मिहिरने बघितलं, दशरथला पुढे स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. पण राजेशने स्वतःचा दोष स्वतःच घेतला, आणि माणसाने स्वतः घेतलेला दोष काढून घ्यायला कोण येणार? महिनाभराने त्याने काम सोडलं. बोरिवलीतच एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. चौदा वर्षं म्हातारी चालवलेला माणूस गाड्यांना हात दाखवत राहिला, मागे घ्या, मागे घ्या.

त्या हिवाळ्यात खोबरेल दोनदा गोठलं. सुगंधाने हाक मारली, मी गेलो नाही. बाटली तशीच फळीवर राहिली.

गणपतीच्या दिवसांत राजेशची बायको प्रेमा आमच्याकडे आली. सुगंधाची आणि तिची गावापासूनची ओळख. मी बाहेरच्या खोलीत होतो, बायका आत. पण आमची खोली ती केवढी, सगळं ऐकू येतं.

"हाताला काही झालेलं नाही म्हणतात डॉक्टर," प्रेमा सांगत होती. "दोन-दोन डॉक्टर झाले. तरी कप डाव्या हाताने धरतात. स्कूटर विकून टाकली. आता मुलगी बाळंतपणाला आली ना, नात झाली. अजून एकदा तिला उचलली नाही. नुसते बघत बसतात लांबून. म्हणतात, माझ्या हातात नको देऊ, माझा हात चुकतो." मग ती रडायला लागली.

ती गेल्यावर सुगंधा बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं. त्या ऑक्टोबरातच मी तिला सांगितलं होतं, कुणाला तरी सांगणं भाग होतं. वर्षभर ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती. आता म्हणाली, "तुमका झोप येता तरी कशी?"

मला झोप येत नव्हती. पण ते सांगून तिच्या प्रश्नाचं उत्तर झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोरिवलीला त्या गेटवर गेलो. राजेशने मला बघून आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे केली, डाव्या हाताने. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेहेचाळीस, मिहिरशी भांडण, म्हातारीचे सील, मला माहीत होतं, सगळं. मधे एक गाडी आली, त्याने जाऊन गेट उघडलं, गाडी आत घेतली, गेट लावलं, परत आला. मी पुढचं सांगितलं.

त्याने गेटची कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.

"मी तुला विचारलं होतं, चंदूदा," तो म्हणाला.

"हो."

"बूम बसतोय म्हणालो होतो."

"हो."

"तू म्हणालास, हात जड झालाय."

"हो रे."

"सगळे हसले. मीपण हसलो." त्याचा आवाज चढला नाही, तो चढायला हवा होता. "त्या रात्री घरी जाऊन मी प्रेमाला म्हणालो, चंदूदा म्हणतो म्हणजे असेल. चंदूदा मशिनीचं कधी खोटं बोलत नाही."

"राजेश, दोन कानाखाली मार. शिवी दे. काहीतरी कर यार."

"कशाला? तुझं मोकळं झालं ना? जा आता." मग मागून म्हणाला, "दशरथला सांग. मी दर रविवारी त्याच्या पायाशी जाऊन बसतो, लाज वाटते मला. त्याला सांग आधी."

जोगेश्वरीला दशरथची खोली चढावर आहे. एका पायाने आणि एका खोट्या पायाने तो हा चढ रोज कसा चढतो, हे त्या दिवशी मला कळलं. जानकीने पाणी आणलं. मी बोलायला लागलो, ती तशीच तांब्या-भांडं घेऊन उभी राहिली, आणि माझं बोलणं संपल्यावर ते भरलेलं भांडं तसंच आत घेऊन गेली.

दशरथने मला आईवरून शिव्या घातल्या. बऱ्याच. मी ऐकून घेतल्या, बरं वाटलं म्हणा ना. मग तो दमला आणि म्हणाला, "पाय गेला तो गेला. पण तो राजा दर रविवारी इथे येऊन रडायचा, आणि मी त्याला सांगायचो, मी तुला माफ केलंय. अरे, कशाबद्दल माफ केलं रे मी त्याला?"



मिहिरला मी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्याच्या केबिनमध्ये, दार उघडं ठेवून, बाहेर सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. तो खुर्चीत खचल्यासारखा बसला. "काका, म्हातारीचं मला एकदा तरी नीट सांगायचंत," तो म्हणाला. "मला सील कळत नव्हते असं नाही. तुम्ही बाटलीचं सांगितलंत, आणि मी चिडलो." त्याचंही खरं होतं. मी त्याला समजेल असं सांगितलंच नव्हतं. मी तीस वर्षं मुरलेला मिस्त्री, मी का समजावू, अशी माझी गुर्मी. मी राजीनाम्याचा कागद काढला. त्याने तो बाजूला सारला. "आधी राजेशला परत आणा. मग तुमचं बघू."

म्हातारीचा पंप उतरवला. नवे सील बसवले. या कामाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. अडुसष्ट भरलं, दिवसभर उन्हात चालवलं, बूम उंच करून तासभर सोडून दिला. केसभर हलला नाही.

राजेश यायला तयार नव्हता. दशरथने त्याला आणलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी रिक्षातून दोघं उतरले, मागोमाग प्रेमा, आणि तिच्या कडेवर ती नात. मिहिरने नियम बदलला होता. तेल बदलायचं नाही, नुसती पूजा. म्हातारीला झेंडूचा मोठा हार घातला होता. गुरुजींची आरती झाली. पुढे काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं.

दशरथ काठी टेकत पुढे गेला. दगड तिथेच होता. खोटा पाय लांब पसरून तो कसाबसा जमिनीवर बसला, दगडावर नारळ ठेवला आणि दोन्ही हातांनी धरला.

"ये रे राजा," तो ओरडला. "मी धरलाय!"

मी राजेशकडे बघितलं. तो केबिनमध्ये चढला. चावी फिरवली. वर्षभराने त्याने म्हातारीच्या लिव्हरवर उजवा हात ठेवला. बूम उचलला. किती छान उचलला, लोण्यासारखा. मला वाटलं, झालं. सुटलो. देवा, सुटलो आम्ही सगळे.

बकेट खाली यायला लागलं. सावकाश, अगदी पूर्वीसारखं. दशरथ वर बघून हसत होता. दोन हात अंतर उरलं. एक हात उरला. आणि बकेटचा दात थरथरायला लागला. आधी जेमतेम, मग सगळ्यांना दिसेल असा. तेल बरोबर होतं. सील नवे होते. थरथर लिव्हरवरून येत होती. वीतभरावर दात आला, आणि दशरथने नारळावरून हात काढले नाहीत. मुद्दाम काढले नाहीत. तसाच धरून बसला.

बकेट थांबलं. मग वर गेलं, बाजूला गेलं, आणि लांब जमिनीवर टेकलं. इंजिन बंद झालं.

राजेश खाली उतरला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दशरथजवळ जाऊन त्याने डाव्या हाताने त्याच्या हातातला नारळ घेतला, आणि माझ्याकडे आला. उजवा हात त्याने माझ्यासमोर धरला. बोटं हलत होती, थांबत नव्हती.

"चंदूदा, तेव्हा तू खोटं बोललास," तो म्हणाला. "आता ते खरं झालंय."

नारळ त्याने माझ्या हातात दिला आणि प्रेमाकडे वळला. ती नातीला पुढे करत होती. त्याने मान हलवली आणि तिच्या बाजूने फाटकाकडे निघून गेला. दशरथ अजून जमिनीवर बसला होता, त्याला उठायला कुणीतरी हात द्यायला हवा होता. मिहिर पुढे गेला.

पूजेचा नारळ न फोडता ठेवता येत नाही. गुरुजी थांबले होते. मी खाली बसलो आणि दगडावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. नीट फुटला नाही, पाणी सगळं मातीत गेलं.